शेवटचं बटण आधी

पालक पहिल्यांदा शाळेत येतात तेव्हा प्रश्नांची यादीच घेऊन येतात. बोलेल का? किती वर्षं लागतील? रिक्षा लावता येईल का? फी किती? सगळं विचारून होतं, फाइल पिशवीत जाते, आई मुलाच्या पायात चप्पल सरकवायला वाकते आणि वडील दारात थबकतात. मग आवाज खाली येतो. "बाई, आमच्या माघारी याचं काय हो?"

मी सत्तावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी विशेष मुलांच्या शाळेत शिकवलं. हा प्रश्न ज्यांच्या मनात नव्हता असं एकही घर मला आठवत नाही. पण तो आधी विचारला, असंही कुणी आठवत नाही. नेहमी शेवटी, नेहमी दारात. माझं सांगणं एवढंच आहे की तो प्रश्न दारातून आत आणा आणि सगळ्यात आधी विचारा. मूल चार वर्षांचं असेल, तर चाळिसाव्या वर्षी त्याला स्वतःचं स्वतः काय काय करता यायला हवं हे ठरवा, आणि तिथून मागे मागे येत आजच्या दिवसापर्यंत पोचा.

हे उलटं चालणं म्हणजे काय, ते एका शर्टावरून सांगते.

संजू (नाव बदललं आहे) सात वर्षांचा होता. डाउन सिंड्रोम. बोटं आखूड, पकड सैल. पावणेआठला रिक्षा यायची म्हणून आई रोज सकाळी एका दमात त्याची सगळी बटणं लावून मोकळी व्हायची. "याला कुठलं जमतंय बाई," असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. कारण आपण बटण लावायला शिकवतो ते कॉलरपासून, आणि गळ्याजवळचं बटण तर कुणालाच स्वतःचं दिसत नाही. मूल चाचपडतं, चिडतं, आपण "दे इकडे" म्हणतो. रोज सुरुवात त्याच्या हरण्यानं होते आणि शेवट आईच्या हातानं.

आम्ही क्रम फिरवला. शर्टाला सहा बटणं होती. वरची पाच आईनं लावायची, सगळ्यात खालचं सोडायचं. मान खाली घातली की ते दिसतं. त्यातही बटण काजात अर्धं घालून आईनं द्यायचं, संजूनं नुसतं पलीकडून ओढायचं. ओढलं की शर्ट घालून झाला. मग टाळी वाजवायची, कारण शेवटचा हात संजूचा. दोन-तीन आठवड्यांत खालचं अख्खं बटण त्याचं झालं. मग खालची दोन, मग तीन. हे सगळं सकाळच्या घाईत नाही, दुपारी शाळेतून आल्यावर कपडे बदलताना. जोडीला गल्ल्याच्या फटीत नाणी टाकणं, मटार सोलणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं, कारण बटणाला लागते तीच चिमूट या कामांनाही लागते. गळ्यापर्यंत पोचायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत त्याच्या आईला काय शिकावं लागलं असेल, तर त्याची बोटं झगडत असताना स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसणं.

अंघोळ, दात घासणं, संडासला जाऊन स्वच्छ होणं, ताट वाढून घेणं, सगळं असंच शिकवता येतं. कामाचे लहान लहान तुकडे करा, आधीचे तुम्ही करा, शेवटचा मुलाला द्या. मग शेवटचे दोन. मूल बोलतं की नाही, त्याचा बुद्ध्यांक किती, याच्यावर हे अडत नाही.

पण उलटं चालायचं तर निघायला उशीर करून चालत नाही. आपल्याकडे उशीर होतो तो बहुतेक वेळा प्रेमापोटी. "याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता," असं आजी म्हणतात आणि सगळ्यांनाच बरं वाटतं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल किंवा हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊन "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. आणि येत असलेले शब्द गळायला लागले, तर मूल कितीही वर्षांचं असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा. बोलत नाही म्हटलं की सगळ्यात आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं? नेऊन काही निघालं नाही, तर तुमचा एक दिवस गेला. न नेता दोन वर्षांनी काही निघालं, तर मुलाची दोन वर्षं गेली.

खर्चाची धास्ती असेल तर हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरहून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. "उगाच चारचौघांत कशाला" म्हणून नेमकं त्याच दिवशी मूल मामाकडे पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. मुलाला पुढची तपासणी लागणार असेल तर जिल्हा रुग्णालयात जाऊन शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, लोक त्याला डीईआयसी म्हणतात.

निदान झालं की घरात दोष वाटायला सुरुवात होते, आणि वाटा बहुधा आईच्या पदरात पडतो. ग्रहणात हिनं भाजी चिरली. हिच्या माहेरी कुणीतरी असं होतं. हिनं नोकरी सोडली नाही. डाउन सिंड्रोममध्ये पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, एकविसावं जास्तीचं. ते गर्भ राहतानाच ठरून गेलेलं असतं, विळीचा आणि ग्रहणाचा तिथे काही संबंध नाही. ऑटिझम आईच्या कोरडेपणामुळे होतो असं एके काळी डॉक्टरही म्हणायचे. ते केव्हाच चूक ठरलं आहे. लसीमुळे होतो म्हणणारा १९९८ चा ब्रिटनमधला लेखही त्याच नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा लसी चुकवू नका, आणि सुनेला बोल लावू नका. सासूबाईंना माझी हात जोडून विनंती आहे: तुमची नात वाढवायला ज्या बाईची ताकद लागणार आहे, तीच तुम्ही खच्ची करता आहात.

दुसरी वाट असते धावाधावीची. मूल "बरं" करून देतो म्हणणारे गावोगाव असतात. कुणी गंडा बांधतं, कुणी चाटण देतं, कुणी शहरातल्या चकचकीत दवाखान्यात लाखो रुपये घेऊन ऑटिझमवर स्टेम सेलचं इंजेक्शन देतं. ऑटिझम त्यानं बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. नवस करायचा तर करा, श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण शेत विकू नका. ज्या दुखण्याला खरंच औषध आहे त्यावर मात्र हयगय नको. डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्याच्या आसपास मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून सुरुवातीलाच हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यायचा. थायरॉइड, कान आणि डोळे ठरावीक काळानं तपासत राहायचे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही, पण व्यायाम सुटला की स्नायू आखडत जातात. फिट येत असेल तर गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

थेरपीबद्दलही स्पष्टच बोलते. आठवड्याचे तास १६८. त्यातले थेरपीचे दोन, फार तर तीन. उरलेले बहुतेक तास मूल तुमच्या घरात असतं. म्हणून थेरपिस्टना एकच विचारायचं: "यातलं घरी काय करू, कसं करू, करून दाखवा." जे दाखवत नाहीत, तुम्हाला बाहेर बसवून दार लावून घेतात, त्यांच्याकडे जायचं का याचा विचार करा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. विचारण्यात अपमान कसला?

शाळेचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमताही त्यात आल्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे पालकांना हवं तिथे. लिहायला अडचण असलेल्या मुलाला परीक्षेत लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटं जादा मिळू शकतात. त्यासाठी अर्ज मात्र वेळेत करायचा, दहावीच्या जानेवारीत नाही. शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या चित्रांवर जाऊ नका. मधल्या सुट्टीत जा. मुलांना संडासला कोण नेतं, डबा कोण भरवतं आणि भरवतानाही त्यांच्या हातात चमचा देतात का, हे बघा.

आता कागदांकडे येते, कारण दारातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कागदांत असतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढताना लोक कचरतात. एका बाबांनी मला विचारलं होतं, टक्के कमी करून मिळतील का? मोठ्या मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून. अहो, ते टक्के म्हणजे मुलाला मिळालेले मार्क नव्हेत. रेल्वेची आणि एसटीची सवलत, मोफत शिक्षण, नोकरीतलं आरक्षण यांच्या कुलपाची ती किल्ली आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यातल्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

आणि एक तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा: मुलाचा अठरावा वाढदिवस. त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ते सज्ञान. मूल बौद्धिकदृष्ट्या कितीही लहान असलं तरी "मी त्याचा बाप आहे" एवढ्यावर बँकेत सही चालत नाही. वर सांगितलेल्या चार प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करायचा असतो. सरकारी नोकरीत असाल तर मुलाचं नाव कार्यालयात आजच कळवून ठेवा. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण तुम्ही गेल्यावर कागद गोळा करत फिरणार कोण? मृत्युपत्र करा. नुसता फ्लॅट मुलाच्या नावावर केला म्हणजे सुटलो असं समजू नका. तो सांभाळणार कोण हेही लिहा. शक्य असेल तर पैसा एकाच्या हाती आणि माणूस दुसऱ्याच्या हाती ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतील.

याहून स्वस्त आणि तितकाच मोलाचा कागद म्हणजे दोनशे पानी वही. तिच्यात लिहा: कुठली गोळी किती वाजता, कशात मिसळून. भात कालवलेला चालतो की वेगळा. कुकरची शिटी झाली की कानावर हात ठेवतो, तेव्हा ओरडायचं नाही. रडायला लागला की गच्चीवर न्यायचं. पोटात दुखलं तर सांगत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून बसतो. हे सगळं आज एकट्या आईच्या डोक्यात आहे. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, तर घरातल्या कुणाला माहीत आहे?

वयात येण्याविषयी बोलायला सगळे लाजतात, म्हणून मीच बोलते. इथेही मागूनच बघा. पाच वर्षांची मुलगी दिसेल त्याला मिठी मारते, आपण "किती प्रेमळ" म्हणतो. पंचविसाव्या वर्षी तीच मिठी तिला धोक्यात घालते. म्हणून पाचव्या वर्षीच घरच्यांना मिठी, बाकीच्यांना नमस्कार. मुलाला सांगायचं, कपडे काढायचे ते दार बंद करून. हे कळलं की पुढचं बरंच सोपं जातं. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पाळीची तयारी सुरू करा. चड्डीवर पेननं पॅडची बाह्यरेषा आखून द्या, लाल शाईचे थेंब टाकलेला पॅड बदलून कागदात गुंडाळायचा सराव घ्या. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही म्हणून. तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं ते माझ्या पिढीला आठवतं. जे शिकवता येतं, ते शिकवायचं टाळण्यासाठी सुरी चालवायची नसते. आणि "लग्न करून दिलं की सुधारेल" हा सल्ला कुणीही देऊ नये, कुणी घेऊ नये. ज्या घरात ते लग्न होतं तिथल्या दुसऱ्या जिवाचा विचार करा.

भावंडांसाठी दोन शब्द. आठ वर्षांच्या ताईला "आमच्यानंतर तुलाच बघायचंय हं" असं सांगू नका. तिच्या गॅदरिंगला आई-बाबांपैकी एकानं तरी जायचंच, धाकट्याला कुणाकडे ठेवून का होईना. लहानपणी जिच्यावर ओझं टाकलं नाही, ती मोठेपणी आपण होऊन हात देते, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. आणि नाही दिला, तरी तिच्यावर रागवायचं नाही.

आता तुमच्याकडे वळते, म्हणजे ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांच्याकडे. हे आवाहन खरं तर तुम्हालाच आहे, कारण चाळिसाव्या वर्षी ते मूल तुमच्या गल्लीत राहणार आहे. त्याच्या आईला "अरेरे" म्हणू नका, "गुरुवारी चार ते सहा मी बसते याच्याजवळ, तू केस कापून ये" असं म्हणा. हळदीकुंकवाला, वाढदिवसाला त्यांना घरासकट बोलवा. येणं न येणं त्यांच्यावर सोडा. मुलाचं नाव आईला विचारू नका, मुलालाच विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. बाजारात एखादं मूल कानावर हात ठेवून किंचाळत असेल तर "आईनं लाडावून ठेवलंय" म्हणण्याआधी तो बँडचा आवाज स्वतःच्या कानात दहापट करून बघा. वाणीदादा, कुणी पोर चिठ्ठी आणि पन्नासची नोट घेऊन आलं तर त्याच्या खिशात परस्पर हात घालू नका. त्याला मोजू द्या. मागचं गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबेल.

एकट्या घराला हे पेलत नाही, हे ज्यांना लवकर कळलं त्यांनी काय केलं बघा. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये आपली लेक मालिनी हिच्यासारख्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था उभी केली. पुढे मालिनीनं एका बोटानं टाइप करून पुस्तक लिहिलं. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली, तीही एका आईच्याच गरजेतून. बदलापूरची 'आधार' संस्था पालकांनी एकत्र येऊन उभारली, मोठी झालेली मुलं तिथे कायमची राहतात. यांतल्या कुणाच्याही माघारीचा प्रश्न आपोआप सुटला नाही. तो त्यांनी हातीपायी धड असताना हाती घेतला. तुमच्या तालुक्यात दहा घरं असतीलच. महिन्यातून एकदा एकमेकांच्या ओट्यावर बसा. निवासी संस्था बघायच्या तर पन्नाशीत बघायला लागा, मुलाला चार दिवस तिथे राहायची सवय करा. पंच्याहत्तराव्या वर्षी, एक जण अंथरुणाला खिळल्यावर, निवड करायला वाव उरत नाही.

संजू आता चौतिशीत आहे. गेल्या वर्षी त्याची आई गेली. मी भेटायला गेले तेव्हा वडील सोप्यात बसले होते, बोलायला शब्द नव्हते. संजू आतून तांब्याभांडं घेऊन आला. पाणी देताना जरा सांडलं, त्यानं फडकं आणून पुसलं. शर्टाची बटणं लावलेली, फक्त एक काज चुकलेला, म्हणून शर्ट एका बाजूला वर. सवयीनं माझा हात पुढे गेला. मग मी तो मागे घेतला आणि पाणी प्यायले.

उद्या शाळेतून आल्यावर मुलाचे कपडे बदलाल, तेव्हा खालचं बटण सोडा. आणि येत्या रविवारी घरातली मोठी माणसं एकत्र बसवा, चहा ठेवा आणि तो दारातला प्रश्न मधोमध मांडा. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. वहीचं पहिलं पान मात्र त्याच दिवशी लिहून होईल.